ओवाळणीतला अर्ज

डहाणू
भाऊबीज, २३ ऑक्टोबर २०२५

चि. अहिल्या,

तुला आशीर्वाद, आणि न आल्याबद्दल आधीच माफी. अनिकेतबरोबर साडी, चिकूचा एक क्रेट आणि ओवाळणीचं पाकीट पाठवतो आहे. मी स्वतः तलासरीला येणार होतो, पण आज पाच वाजता प्रशासकसाहेबांनी सभासदांना भेटीची वेळ दिली आहे. सणासुदीला सुद्धा माणूस कामावर! आणि साहेबांचं पाच म्हणजे पाच. चौतीस वर्षं वाणगाव स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसलेल्या माणसाला याची किंमत कळते. फोन करत नाही, कारण तू बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी बोललो की तुला वाटतं मी ओरडतो.

पाकिटात ओवाळणीबरोबर एक छापील कागद आहे. त्याचं महत्त्व सांगतो. आपली सागरपट्टी फळबागायतदार संस्था बाबांनी दहाबारा जणांना जमवून काढली, हे तुला माहीत आहे. निवडून आलेल्या कमिटीने भांडून भांडून तिची काय दशा केली होती, तेही तू पाहिलंस. शेवटी सहकार खात्याने कमिटी बरखास्त केली आणि सहा महिन्यांसाठी प्रशासक आणून बसवला. ते सहा महिने कधी सात वर्षं झाले कळलं नाही. कळलं नाही कारण त्रास झाला नाही! शीतगृह चालू झालं. चिकूचे काप करून विकण्याचा कारखाना आला. करंड्या जाऊन क्रेट आले, थंड गाड्यांतून माल दिल्लीला जातो. मी घरावर दुसरा मजला चढवला, संगितासाठी स्वयंपाकघर नवं केलं. हे सगळं एका माणसाच्या शिस्तीने झालं.

आता कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला आहे की संस्थेची निवडणूक घ्या. कशाला? पुन्हा ते पोस्टर, त्या जीपगाड्या, ती भांडणं? आम्ही सभासदांनी ठरवलं आहे की दोन तृतीयांश सह्या गोळा करून खात्याला लिहून द्यायचं: आम्हाला निवडणूक नको, साहेबच राहू देत. अर्जाचा मसुदा माझा आहे. तुझ्या लग्नाआधी बाबांनी तुझ्या नावावर घेतलेला शेअर अजून तसाच आहे, म्हणजे तूही सभासद आहेस. फुली केलेल्या जागी सही कर आणि कागद अनिकेतच्या हाती परत दे. वाचत बसू नकोस, अक्षर बारीक आहे.

तुझा दादा
काशीनाथ


तलासरी
२९ ऑक्टोबर २०२५

दादा,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत, आणि तुझं पत्र वाचल्यावर मनही तयार नाही.

साडी चांगली आहे, वहिनीने निवडलेली दिसते. चिकू गोड निघाले. अनिकेतला मी ओवाळलं, जेवायला घातलं आणि कागदाशिवाय परत पाठवलं. तो बिचारा दारात चपला घालता घालता तीनदा म्हणाला, "आत्या, एवढी सही दिली असती तर पप्पांना बरं वाटलं असतं." मी म्हटलं, "तुझ्या पप्पांना बरं वाटावं म्हणून मी सातवीपर्यंत त्यांच्या वह्यांना कव्हरं घातली. आता बस."

ओवाळणीच्या पाकिटात अर्ज घालायची कल्पना कुणाची? तुझी असेल तर तुझं वय झालं. साहेबांची असेल तर त्यांचं घराणं तपासायला हवं. मी पाकीट उघडलं तेव्हा वाटलं दादाने चार ओळी लिहिल्या असतील. निघालं काय, तर "आम्ही खाली सह्या करणारे आमच्या राजीखुशीने लिहून देतो की आम्हाला मताची गरज नाही." वाचत बसू नकोस म्हणालास म्हणून दोनदा वाचलं. बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे सांगते: अक्षर उत्तम, शुद्धलेखन बरं, विचार नापास.

काय रे, त्या वाढवणच्या मच्छीमारांनी निदान रस्त्यावर उभं राहून बंदर नको ते नको म्हणून सांगितलं. त्यांचं बरोबर की चूक ते बाजूला ठेव, पण आम्हाला विचारा एवढं तरी म्हणाले. आणि तुम्ही शिकलेसवरलेले, पेन्शनवाले, बंगलेवाले बागायतदार रांग लावून सांगता की आम्हाला विचारू नका! इतक्या हौसेने कुणी स्वतःच्या कानाला चिमटा लावून घेताना मी पाहिलं नव्हतं.

शिस्त, शिस्त म्हणतोस. कलमं कुणी वाटली होती? बाबांच्या कमिटीने. ती झाडं भरात आली तेव्हा खुर्चीत तुझे साहेब होते, एवढंच. बरं, शीतगृह त्यांनी चालू केलं, कबूल. मग सात वर्षांत एक तरी सर्वसाधारण सभा घेतली का? मला कळलं ते असं की सभेऐवजी 'मार्गदर्शन मेळावा' होतो, साहेब मंचावरून बोलतात आणि तुम्ही खाली बसून माना हलवता. उद्या त्यांचं काही चुकलं तर तू कुणाकडे जाणार आहेस? त्यांच्याकडेच, पाच वाजता, वेळ घेऊन.

आणि एक. तुमच्या शेडमध्ये माल निवडायला बसणाऱ्या लाहू-रूपीला ही भरभराट पोचली का, हे लिही.

अहिल्या


डहाणू
८ नोव्हेंबर २०२५

चि. अहिल्या,

तुझं पत्र संगिताला वाचून दाखवलं नाही. नणंदेबद्दल तिचं मत चांगलं आहे, ते तसंच राहावं.

तू तलासरीत बसून वर्तमानपत्रं वाचतेस आणि वाफ सोडतेस. इथे माल पिकवावा लागतो आणि विकावा लागतो. जरा आठव. शेवटच्या निवडून आलेल्या कमिटीचा चेअरमन कोण होता? सुनिलशेठ. त्याने शीतगृहाचं काम मेव्हण्याला दिलं. ते यंत्र तीन उन्हाळे फक्त आवाज करत होतं, गार झालं नाही. भर मोसमात आपला चिकू ढिगाने सडला आणि माशा इतक्या की शेडमध्ये तोंड उघडता येत नव्हतं. त्याच्या आधीच्या कमिटीने संस्थेच्या पाटीला हिरवा रंग द्यावा की निळा, यावर दोन सभा घेतल्या आणि पाटी लावलीच नाही. ही तुझी लोकशाही! आणि त्या सुनिलशेठला निवडून कुणी दिलं? आपण. त्याच्या नावापुढे तूही शिक्का मारला होतास, मी बाहेर उभा होतो.

मला मत देऊन सडलेला चिकू मिळाला, मत न देता दुसरा मजला मिळाला. यात कुठे चुकतं, तेवढं दाखव. मोठमोठे देश असे पुढे गेले म्हणतात. एक खंबीर माणूस, बाकीच्यांनी आपापलं काम करायचं. रेल्वेत तरी गार्ड आणि ड्रायव्हर प्रवाशांच्या मताने नेमतात का? गाडी वेळेवर येते ना? मग झालं.

लाहू-रूपीचं विचारलंस. त्यांना रोजगार बारा महिने मिळतो, पूर्वी चार महिने मिळायचा. हे तुझ्या मतपेटीने दिलं नव्हतं. तुझ्या लाडक्या शिष्येला, त्यांच्या मुक्ताला, साहेबांनी पॅकिंगमध्ये घेतलं आहे.

अनिकेतबद्दल आनंदाची बातमी. शीतगृहाच्या व्यवस्थापकाची जागा साहेबांनी त्याला देऊ केली आहे. पुढच्या महिन्यात हुकूम निघेल. म्हणजे तो रोज बोईसरला कंपनीत जायचा सुटेल, घरी राहील. माझ्या डोळ्यांदेखत मुलगा वाडी आणि नोकरी दोन्ही बघेल, याहून मला या वयात काही नको.

सहीचा विषय मी माझ्याकडून संपवतो. तुझी सही नको. आमच्याकडे एकशे छप्पन्न झाल्या, हव्या होत्या एकशे त्रेचाळीस. अर्ज खात्यात पोचला. तू सुखाने वर्तमानपत्र वाच.

काशीनाथ


तलासरी
२ डिसेंबर २०२५

काशीनाथराव,

आज दादा लिहवत नाही.

रूपी पंधरा दिवसांपूर्वी इथे आली होती. तिचं माहेर आमच्या पलीकडच्या पाड्यावर, तिची आई आजारी आहे. जाता जाता माझ्याकडे डोकावली. बरोबर मुक्ता होती. मुक्ता म्हणाली, "बाई, तुम्ही सही केली ते बरं झालं, आमच्या शेडच्या फलकावर यादी लावली हाय." मी म्हटलं, कसली सही? तिने मोबाईलमध्ये काढलेला फोटो दाखवला. अनुक्रमांक एकशे एकोणतीस. अहिल्या. पुढे सही.

इतकी देखणी सही मला आयुष्यात कधी जमली नाही. 'अ'ला तो वळणदार पाय, खाली लांब रेघ, रेघेखाली दोन टिंबं. तिकीट खिडकीत पावत्यांवर चौतीस वर्षं हीच रेघ आणि हीच टिंबं मारलीस. चोरी करायची तर निदान अक्षर तरी गबाळं काढायचं! तेवढाही अभिमान सोडवला नाही तुला?

मी यादी नीट वाचली. जयवंती विवळवेढ्याला दिली, तिची सही तिच्या भावाच्या हातची. श्रुतिका तर नवऱ्याबरोबर गुजरातेत वापीला असते, ती कधी आली सही करायला? आपल्या वाडीतल्या सगळ्या लेकी यादीत आहेत. सगळ्यांचे बाप हुशार होते, पोरींच्या नावावर एकेक शेअर घेऊन ठेवला की घरात मतं वाढतात. आणि सगळ्यांचे भाऊ तुझ्यासारखे.

आता सात वर्षं मनात आहे ते लिहिते. निवडणूक असायची तेव्हा मतदानाच्या दिवशी तुम्ही लेकींना माहेरी आणायचात. आधी बैलगाडी, मग जीप, मग अनिकेतची गाडी. थंडीचे दिवस, परसात उकडहंडी लावलेली. मडक्यात वालपापडी, कोनफळ, रताळं, वर भांबुर्ड्याचा पाला. मडकं उघडलं की तो वास. आम्ही चाळीसएक जणी शाळेच्या ओट्यावर रांगेत, पोटं दुखेपर्यंत हसायचो. तू रांगेत येऊन कानात सांगायचास, "कपबशीवर मार", आणि मी कपबशीवर मारायचे. सुनिलशेठची कपबशीच होती ना? हो, मारला मी शिक्का. तू सांगितलंस तिथे मारला. तो दोष माझा, तुझ्या साहेबांचा नाही.

मग निवडणूक बंद झाली. या सात वर्षांत मी दोनदा आले, आईच्या वर्षश्राद्धाला आणि तुझ्या दुसऱ्या मजल्याच्या वास्तुशांतीला. दोन्ही वेळा सगळ्या गावाबरोबर. माझ्यासाठी म्हणून गाडी आली नाही. उकडहंडीला ये, असं कुणी म्हटलं नाही. पहिली दोन वर्षं वाटलं, कामात असशील. मग समजलं. तू बहिणीला आणत नव्हतास, मताला आणत होतास. मत नको झालं तशी बहीणही नको झाली. हे कळलं त्या दिवशी मी ताटावरून उठले होते, तुला म्हणून सांगते.

मी खात्याला पत्र लिहिलं आहे. तुझं नाव घातलेलं नाही. एवढंच लिहिलं की ही सही माझी नाही, आणि यादीतल्या बाकी लग्न झालेल्या बायकांनाही बोलावून विचारा. सतरा तारखेला डहाणूत सुनावणी लावली आहे.

हे सगळं रूपीला तावातावाने सांगितलं, मत गेलं, हक्क गेला म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "बाय, आमाला तवाही मत नव्हता, आताही नाय. तुमचा गेला त तुमाला लागला." तुलाही हे वाक्य पाठवते, दोघांनी वाटून घेऊ.

अहिल्या


डहाणू
७ डिसेंबर २०२५

अहिल्या,

पत्र अनिकेतच्या हातून पाठवतो आहे, टपालाला वेळ नाही.

सही मी केली. नाकारत नाही. त्यात एवढं काय केलं, हे मला अजून समजत नाही. तुझं रेशनकार्डावरचं नाव मी कमी करून आणलं, तुझी हक्कसोडीची कागदपत्रं मी तयार केली, तू न वाचता अंगठ्याएवढ्या जागेत सही केलीस आणि म्हणालीस, "दादा, तू आहेस ना." मग आता काय झालं? तुझं मत आजवर मीच देत आलो. या वेळी तुला येण्याचा त्रास वाचवला.

आता ऐक. सुनावणीत "ही सही माझी नाही" म्हणालीस तर पुढचा प्रश्न येईल, मग कोणाची? खोट्या सहीचा गुन्हा होतो. मी एकाहत्तर वर्षांचा. चौतीस वर्षांत माझ्या खिडकीत एक रुपयाची चूक निघाली नाही. गावात लोक मला काशीनाथभाऊ म्हणून उठून जागा देतात. हे सगळं तू एका वाक्यात घालवणार. अनिकेतचा हुकूम अजून निघालेला नाही, तोही जाईल. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुमच्याच घरातून?" मला खाली बघावं लागलं.

तू एवढंच म्हण: सही माझ्या संमतीने झाली. चार शब्द. मी तुझ्यापुढे आयुष्यात हात जोडले नाहीत, आज जोडतो.

उकडहंडीचं लिहिलंस. तेवढं संगिताला वाचून दाखवलं.

दादा


तलासरी
१९ डिसेंबर २०२५

दादा,

परवा तू कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर पाठ करून उभा होतास, त्यामुळे आत काय झालं ते तुला दुसऱ्यांकडून कळलं असेल. दुसऱ्यांनी मीठमसाला लावला असेल, म्हणून मी लिहिते.

तुझं पत्र पर्समध्ये घेऊन आले होते. खरं सांगते, एसटीत डहाणूपर्यंत मी तुझे चार शब्द म्हणून बघत होते. संमतीने झाली, संमतीने झाली. जमत आले होते. तुझे जोडलेले हात मला नको होते.

आणि मग व्हरांड्यात शिरले. दादा, तिथे माझ्यासकट एक्केचाळीस जणी होत्या! आपल्या वाडीच्या एक्केचाळीस लेकी, सात वर्षांनी एका जागी. जयवंतीचे सगळे केस पांढरे झालेत. श्रुतिका वापीहून पहाटे निघून आली होती, डब्यात खाखरे घेऊन. कुणाचा नवरा गेलेला दुसरीला माहीतच नव्हतं, तिथेच गळ्यात पडून रडणं झालं. मग हसणं सुरू झालं. शिपाई दोनदा ओरडून गेला, "बायांनो, हे सरकारी कार्यालय आहे." बाहेर तुम्ही भाऊ मंडळी बघत होतात, मान खाली, शाळेत पकडलेल्या पोरांसारखे. मला त्यात किती आनंद झाला हे लिहिलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस.

पहिली हाक जयवंतीला. तिने खिडकीतून भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझीच सही." बाहेर आली आणि आमच्याकडे न बघता निघून गेली. तिला मी नावं ठेवणार नाही, तिच्या भावाने तिच्या मुलीचं लग्न लावलं आहे. आणखी दोघी तसंच म्हणाल्या.

चौथी मी. अधिकारी तरुण मुलगी होती. तिने यादी पुढे केली. "ही सही तुमची?" मी तुझी ती रेघ आणि टिंबं बघितली. म्हटलं, "अक्षर माझ्या भावाचं आहे. चांगलं आहे. सही माझी नाही. संमती मला कुणी विचारली नाही." ती म्हणाली, "तुम्हाला तक्रार करायची आहे?" मी म्हटलं, "तक्रार आहे, पण ती तुमच्या खात्यातली नाही." तिने तेवढंच लिहून घेतलं.

माझ्यामागून एकेक करून सगळ्या तेच म्हणाल्या. अडतीस सह्या खोडल्या. तुमचा अर्ज पडला.

गुन्हा नोंदवला नाही, हे तुला कळलंच. भावांनी स्वतःच्या हाताने माफीनामे लिहून द्यायचे ठरलं. तुझा माफीनामा सगळ्यांत सुवाच्य होता, त्या मुलीने मुद्दाम मला दाखवला. तुझं नाव मी घालवलं, हे खरं. तुला लाज वाटली असेल तर मला वाईट वाटतं. मी दिलगीर मात्र नाही.

अनिकेतला सांग, आत्याला शिव्या द्यायच्या तर घरी येऊन दे. जेवायला घालीन.

अहिल्या


डहाणू
५ जानेवारी २०२६

चि. अहिल्या,

पंधरा दिवस लिहिलं नाही. दोनदा बसलो आणि फाडलं.

निवडणूक अठरा तारखेला, रविवारी. शाळेतच.

अनिकेतचा हुकूम निघाला नाही. तो बोईसरला जातो आहे. त्याने तुला शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, "त्या नोकरीत मला रोज साहेबांच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं असतं." मला हे माहीत नव्हतं.

साहेब या महिन्याअखेर सेवानिवृत्त होतात. म्हणून मी एक सुचवलं. त्यांच्या बंगल्यावर गेलो आणि म्हटलं, साहेब, माझ्या वाडीतले दोन गुंठे तुमच्या नावावर करून देतो, तुम्ही सभासद व्हा. खात्याला सांगून तारीख महिनाभर पुढे नेऊ, तुम्ही निवडणुकीला उभे राहा. आम्ही तुम्हाला डोक्यावर घेऊन निवडून आणतो. मग कुणी नाव ठेवणार नाही. मला वाटलं खूश होतील.

ते हसले. म्हणाले, "काशीनाथ, मी लोकांच्या दारोदार मतं मागत फिरू? त्या शेडमध्ये बसणाऱ्यांच्या, तुमच्यासारख्यांच्या?" तुमच्यासारख्यांच्या, असं म्हणाले. मग घड्याळाकडे बघितलं. मला बसा म्हटलेलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. पुढे आठवलं, सात वर्षांत कधीच म्हटलं नव्हतं. मी दर वेळी उभाच होतो, आणि घरी येऊन सांगायचो की साहेब किती वेळेचे पक्के.

त्यांनी शीतगृह चालू केलं, हे मी अजूनही म्हणणार. त्यात खोटं नाही. पण माझी मान त्या दिवसापासून दुखते आहे.

सुनिलशेठ पुन्हा उभा आहे, निलाजरा. इतरही आहेत. जयवंतीचा भाऊ आहे, पॅनेलमध्ये दोन बायका आहेत. एका पॅनेलने छापलंय की शेडच्या मजुरांनाही सभासद करून घेऊ. किती खरं माहीत नाही. रूपीला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघू."

संगिताने मडकं आणलं आहे. कोनफळ वाणगावच्या बाजारातून आणलं. मोठं मडकं आणलं आहे, म्हणाली, सगळ्या नणंदा आल्या तर? अनिकेत शनिवारीच गाडी घेऊन येईल, राहायला ये. या वेळी मी रांगेत येणार नाही.

एक विचारायचं होतं. राग नसेल तर सांग. तू मत कुणाला देणार आहेस?

दादा


तलासरी
१० जानेवारी २०२६

प्रिय दादा,

शनिवारी दुपारी तयार असते. अनिकेतला म्हणावं घाई करू नको, महामार्गावर ट्रकांची गर्दी असते. भांबुर्ड्याचा पाला मी इथून आणते, तुमच्याकडे सगळा तण म्हणून फवारून मारला असेल. जयवंतीला मी फोन केला आहे. आधी नको म्हणाली, मग रडली, मग म्हणाली वहिनीला विचार वालपापडी किती आणू.

मान दुखते त्याला तेल लाव. सात वर्षांची सवय आहे, आठवड्यात जाणार नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बाहत्तरी गाठायला आलास आणि बहिणीला पहिल्यांदा काही विचारलंस. बरं वाटलं. उत्तर मात्र देणार नाही. ते गुप्त असतं.

अहिल्या